अंतल्याला स्कूबा डायव्हिंगच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

आमच्या श्टुटगार्टच्या मराठी लोकांमध्ये परत तुर्कस्तानातल्या अंतल्याचे प्लॅन सुरू झालेत, साडेतीन तासाची फ्लाइट, ऑक्टोबरमध्येही समुद्र कोमट आणि हॉटेलं स्वस्त, त्यामुळे जाणार सगळे हे माहितीच आहे. परवा एकीने विचारलं तिथे स्कूबा करावं का, तर म्हणलं आता एकदा लिहूनच टाकते. आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरात गेलो होतो, मी आणि नवरा. दोघं शिकलेले, दोघं आयटीत, आणि दोघंही बावळटासारखे फसलो.

अंतल्याच्या जुन्या शहराला कालेइची म्हणतात. सम्राट हेड्रियन इ. स. १३० मध्ये तिथे आला म्हणून बांधलेली कमान आहे, तिच्यातून आत शिरलं की चिंचोळ्या गल्ल्या उतरत उतरत जुन्या बंदराकडे जातात आणि त्या गल्ल्यांत पाचपन्नास पावलांवर टूर विकणाऱ्यांची टेबलं. आम्हाला बघून एकाने "नमस्ते, शाहरुख खान!" केलं. इथेच पुढे निघायला पाहिजे होतं. पण नवऱ्याला कुणी प्रेमाने बोललं की थांबायची सवय आहे, थांबला. टेबलवाल्याने सफरचंदाचा चहा पाजला आणि फाइल उघडली. पूर्ण दिवसाची, केमेर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाची ट्रिप, हॉटेलवरून गाडी, बोट, दोन डाइव्ह, एकेक पंचेचाळीस मिनिटांची, बारा मीटर खोल, जेवण, आणि वर संध्याकाळी ताहताली डोंगरावर केबल कारने सूर्यास्त. सगळं मिळून माणशी ३५ युरो. फाइलमध्ये बुडालेल्या जहाजाचा फोटो, त्याच्या भोवती पोहणारे लोक. म्हणे हेच दाखवणार. ३० युरो रोख ॲडव्हान्स दिला, त्याने एका चिठोऱ्यावर गाडीची वेळ लिहून सही केली. पावती म्हणजे तेवढंच.

आता मला माहितीय की तुर्कस्तानात टूर विकायला तुर्साब नावाच्या संघटनेचा परवाना नंबर लागतो, १९७२ च्या कायद्यापासून आहे ते, आणि खऱ्या एजन्सीच्या पाटीवर, पावतीवर तो नंबर असतो. त्या टेबलावर नंबर नव्हता, पाटीच नव्हती, छत्री होती फक्त. डायव्हिंग सेंटरला तर वेगळा परवाना लागतो, त्यांच्या पाण्याखालच्या खेळांच्या फेडरेशनचा. आम्ही दोन्हीतलं काहीही विचारलं नाही, चहा चांगला होता.

आणि ते जहाज. केमेरजवळ पहिल्या महायुद्धात १९१७ साली बुडालेलं एक फ्रेंच जहाज खरंच आहे, खोटं नाही. पण त्याचा तळ तीस मीटरच्या आसपास आहे आणि पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या माणसाची मर्यादा बारा मीटर. म्हणजे ज्या माणसाने बारा मीटर असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं तोच ते जहाज दाखवून विकत होता. तीन दिवसांचा तरी कोर्स करून कार्ड मिळालं की अठरा मीटरपर्यंत जाता येतं, त्याच्या खाली परत पुढचा कोर्स. एवढं गूगल मी हॉटेलवर जाऊन केलं असतं तर हा लेखच नसता.

सकाळी सातला गाडी आली, अख्ख्या अंतल्यातली हॉटेलं फिरत माणसं गोळा करत केमेरला पोचायला दहा वाजले, अंतर चाळीसएक किलोमीटरचं. बोटीवर मोजली तर बेचाळीस माणसं. बहुतेक रशियन आणि जर्मन. बोट सुटली, किनारा लांब गेला, आणि मग एक पोरगा हिशोबाची वही घेऊन आला. हे टायमिंग लक्षात ठेवा. इन्शुरन्स माणशी १० युरो. पोर्ट फी दोघांची १०. म्हणलं सगळं इन्क्लुडेड होतं ना, तर म्हणे ते एजंटने सांगितलं, आम्ही बोटवाले वेगळे. खरंच वेगळे असतील, पण मधल्या मध्ये आम्ही समुद्रात.

मग फॉर्म आला. पैशांचं एक वेळ सोडा, ह्या फॉर्मबद्दल मात्र माझं डोकं अजून तापतं. स्कूबाच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, दमा, हृदय, कानाचं ऑपरेशन, फिट येणं असे प्रश्न असतात आणि एकाला जरी हो म्हणालात तरी डॉक्टरची सही लागते, त्याशिवाय पाण्यात नाही. आम्हाला फॉर्म दिला रशियन भाषेतला. मी जर्मन मागितला तर पोरगा म्हणाला वाचायची गरज नाही, सगळीकडे "नो, नो, नो" लिहा, आणि त्याने स्वतःच पेनाने एक उभी रेघ ओढून दाखवली. भांडून जर्मन घेतला. नवऱ्याला लहानपणापासून दमा, आता पंप क्वचित लागतो पण लागतो. त्याने हो वर खूण केली. पोरगा आत गेला आणि एक कागद घेऊन आला, डॉक्टरचा शिक्का आधीच मारलेला, सही आधीच केलेली, नावाची जागा कोरी. ३० युरो.

आणि आमचे हे पाकीट काढायला लागले! म्हणे एवढं आलोय तर. मी मराठीत जे काय बोलले ते बोटीवर कुणाला कळलं नाही हे बरं झालं. दम्यात फुप्फुसात कुठेतरी हवा अडकून राहिली आणि माणूस वर आला तर ती हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं, म्हणून तर तो प्रश्न फॉर्मवर असतो. कोऱ्या शिक्क्याला दमा कळत नाही. तर तो नाही उतरला. पैसे परत? नाही. म्हणे तो आता "व्हिजिटर", व्हिजिटरचा रेट तोच.

मी उतरले. मला थोडी सर्दी होती, ती मीही फॉर्मवर नीट सांगितली नाही, माझी चूक. पाठीवर सिलेंडर (त्यात ऑक्सिजन नसतो हो, आपण जी घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते), कमरेला शिशाचे वजन, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर. शिकवणी किती, तर पाचएक मिनिटं, तीही मोडक्या इंग्लिशमध्ये: अंगठा वर म्हणजे वर जायचंय, बोटांचा गोल म्हणजे ठीक. श्वास कधीही रोखून धरायचा नाही ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती इन्स्ट्रक्टरने सांगितलीच नाही, मला आधीपासून माहिती होती म्हणून निभावलं. त्याने मागून सिलेंडर पकडला आणि पिशवी न्यावी तसं मला खाली नेलं. घाट उतरताना कानाला दडा बसतो ना, तसं, पण दहापट. नाक दाबून हवा कानात सोडायची असते, दर मीटरला, सर्दीत ती जात नाही. मी हात हलवून कानाकडे दाखवलं, अंगठा वर केला. त्याने ओके केलं आणि अजून खाली ढकललं. लोकांना वाटतं चारपाच मीटरला काय होतंय, पण दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्या दहा मीटरातच पडतो, दहा मीटरला तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कानाला तेवढं पुष्कळ.

खाली काय, वाळू, दोनचार मासे ज्यांना ब्रेड टाकून सवय लावलेली, आणि एक फोटोग्राफर. फोटो काढले आणि वर. मला वाटलं अर्धा तास गेला असेल. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर मास्क काढत होता तेव्हा त्याच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर बघितलं: जास्तीत जास्त खोली ४.२ मीटर, वेळ ११ मिनिटं. दुसरी डाइव्ह? ती "एक्स्ट्रा".

फोटो ६० युरो. माझी मामेबहीण मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करून आली होती, तिथेही मागून धरूनच नेतात, तिची काही तक्रार नाही, व्हिडिओ पॅकेजमध्येच मिळाला होता. इथे छोट्या स्क्रीनवर भराभर दाखवले, मी म्हणलं नवरा बिचारा कोरडा बसलाय, निदान फोटो तरी घेऊ. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघते तर चौदातले पाच फोटो माझे नाहीतच! सगळ्यांना काळा वेटसूट, सगळ्यांना मास्क, ओळखणार कसं? मी मनगटात काळ्या मण्यांचं ब्रेसलेट घालते, त्या पाच फोटोतल्या बाईच्या हातात ते नाही. तोवर आईने त्यातलाच एक स्टेटसला लावला होता, "आमची जलपरी" लिहून. तिला अजून सांगितलेलं नाही.

आता बँकेच्या कार्डाची भानगड. बाकीचे ४०, इन्शुरन्स २०, पोर्ट फी १०, फोटो ६०, म्हणजे १३० युरो. रोख तेवढे नव्हते. वहीवाला पोरगा मशीन युरो घेत नाही म्हणाला, लिरात करतो, आणि ४२९० आकडा टाकला. मी डोक्याने भागायला गेले पण कान दुखत होता, बोट हलत होती, मागे रांग, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला १४८ युरो. त्या आठवड्यात एका युरोला साधारण २९ लिरा मिळत होते, त्याने ३३ लावले होते. वर म्हणे "बोट रेट". १८ युरो नुसत्या गुणाकारात गेले. ॲडव्हान्सचे ३० धरून एकूण १७८, म्हणजे तेव्हाचे साडेपंधरा हजार रुपये, कबूल केले होते ७० युरो.

खरी गोष्ट पुढे आहे. जेवण झालं (तांदूळ, कोबी आणि एक कोंबडीचा पाय), बोट परत आली आणि गाडी ताहतालीकडे निघणार. आमच्या शेजारी एक म्हातारे जर्मन आजोबा बसले होते, बायकोबरोबर नुसते बोटीवर फिरायला आलेले, तरुणपणी खूप डायव्हिंग केलेले. त्यांनी मला विचारलं, तुम्ही वर नाही ना चाललात? म्हणलं चाललोय, पॅकेजमध्ये आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन अंगात विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याआधी उंचावर गेलं, विमानात किंवा डोंगरावर, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात, सांध्यात, मणक्यात. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह असतील तर १८ तास विमान नको असा नियम आहे. ताहतालीचं शिखर २३६५ मीटर, जवळजवळ विमानातल्या केबिनच्या दाबाएवढंच. म्हणजे सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी केबल कार हे पॅकेज ज्याने बनवलं त्याला एक तर हे माहिती नाही किंवा पर्वा नाही.

मी त्यांना ४.२ मीटर आणि ११ मिनिटं सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, बाई, एवढ्याने तुला बहुतेक काही होणार नाही, पण नशीब समज की त्यांनी तुला फसवलं. बारा मीटर, पंचेचाळीस मिनिटं, दोन वेळा, जे विकलं ते खरंच दिलं असतं आणि मग वर नेलं असतं तर? ह्या वाक्यावर मी अजून विचार करते. एका लबाडीने दुसऱ्या लबाडीपासून वाचवलं.

आम्ही वर नाही गेलो. गाडीतल्या पोराला कारण सांगितलं तर "टेन मिनिट्स ओन्ली, नो प्रॉब्लेम", आणि तसंही केबल कारचं तिकीट वेगळंच निघालं. बाकीचे गेले. बोटीवर दोन रशियन पोरं होती ज्यांनी पैसे देऊन दुसरी डाइव्हही केली होती, बराच वेळ खाली होती, त्यांना मी खुणा करून, फोनवर भाषांतर दाखवून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी अंगठा वर केला, हसले आणि गेले. आम्ही दोघं खालच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये दोन तास बसलो, ते स्टेशनही ७२६ मीटरवर आहे हे नंतर कळलं. दोघं पोरं खाली आली तेव्हा ठीक दिसत होती. मी गाडीत सारखी मागे वळून बघत होते.

कानाचा दडा आठ दिवस गेला नाही. इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघून सांगितलं पडद्यावर रक्त साकळलंय, दाबाने झालेली इजा, आपोआप भरेल. भरलं. सर्दीत कुणी पाण्यात जातं का म्हणून झापलं ते वेगळं.

ट्रिपनंतर दुसऱ्या दिवशी कालेइचीत गेलो तर छत्री तीच, माणूस दुसरा, आणि त्याला आमचा चिठोरा ओळखू येईना. बँकेत तक्रार केली, त्यांचं म्हणणं पिन तुम्ही टाकलाय आणि फोटोची खरेदी तर झालेली दिसते. चिठोऱ्याचा फोटो आहे माझ्याकडे, आणि त्या कोऱ्या डॉक्टरी कागदाचाही नवऱ्याने गुपचूप काढलेला. कुणी ह्या सुट्टीत जाणार असाल तर मला विचारा, छत्री कुठल्या गल्लीत असते ते सांगते.