बिअरस्मिथ ३ : एफिशियन्सीच्या चौकटीत नेमका कोणता आकडा लिहायचा?

बिअरस्मिथ ३ हे घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी रेसिपीचे आकडे काढणारं सॉफ्टवेअर. त्याचं गणित चोख आहे, पण एफिशियन्सीची चौकट भरताना हे सॉफ्टवेअर नवख्याला वाऱ्यावर सोडतं. रेसिपीत १.०६२ ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तेवढी ती जास्त) दाखवणारी बिअर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, १.०५४ भरते आणि खापर फुटतं माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांवर. २०१८ साली आलेल्या या आवृत्तीत पाणी, हॉप्स, यीस्ट यांची साधनं भरपूर आहेत. पण ही एक चौकट चुकली की बाकीचे आकडेही चुकतात, म्हणून इथे फक्त तिचाच विचार.

या चौकटीला कुठे ‘टोटल’, कुठे ‘ब्रूहाउस’ एफिशियन्सी असं नाव दिसतं. अर्थ एकच: माल्टमधून जास्तीत जास्त जेवढी साखर निघू शकते, तिच्यापैकी किती टक्के फर्मेंटरमध्ये पोचली. मॅश एफिशियन्सी वेगळी (मॅश म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून स्टार्चची साखर करणं). ती उकळायच्या केटलपर्यंत किती पोचली ते सांगते. या दोन टप्प्यांच्या मधे केटलच्या तळाचा गाळ येतो, थंड करायच्या चिलरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकलेला वर्ट, म्हणजे माल्टचा गोड रस, येतो. बिअरस्मिथ तुमच्याकडून ब्रूहाउसचा आकडा आणि गाळात जाणारे लिटर घेतं, आणि अंदाजे मॅश एफिशियन्सी त्यावरून स्वतः काढतं.

टू-रो पेल माल्टची क्षमता एका गॅलनात एका पौंडाला १.०३७ धरली, तर मेट्रिकमध्ये एका किलोचे सुमारे ३०९ पॉइंट-लिटर होतात (१.०३७ म्हणजे ३७ पॉइंट; पॉइंट गुणिले लिटर). ५ किलोचे १५४५. फर्मेंटरमध्ये २० लिटर हवेत, ब्रूहाउस ७२ टक्के, गाळात ३ लिटर जाणार. १५४५ × ०.७२ ÷ २० = ५५.६, म्हणजे ओजी (आंबण्याआधीची ग्रॅव्हिटी) १.०५६. मॅश एफिशियन्सी ७२ × २३ ÷ २० = ८२.८ टक्के दिसेल. चांगल्या स्पार्जला (दाण्यांवर गरम पाणी सोडून उरलेली साखर धुऊन काढण्याला) हे जमू शकतं.

आता नेहमीची चूक पाहा. कुणी मॅश एफिशियन्सी मोजली, ती ८० टक्के आली आणि तोच आकडा ब्रूहाउसच्या चौकटीत टाकला. सॉफ्टवेअर ओजी १.०६२ दाखवतं आणि शेजारी मॅश एफिशियन्सी ९२. घरगुती भांड्यांत ९२ जवळपास अशक्य, तरी त्याकडे लक्ष वेधणारी ठळक सूचना समोर येत नाही. प्रत्यक्षात १५४५ × ०.८० ÷ २३ = ५३.७. आठ पॉइंट गेले, अल्कोहोल पाऊण टक्क्याहून अधिक घटलं आणि हॉप्स तेवढेच राहिल्याने बिअर कडवट लागते. त्यामुळे बिअर बनवण्याआधी—म्हणजे रेसिपी ठरवतानाच—मॅशचा तो बाजूचा आकडा वाचायची सवय लावा. ८५ च्या वर गेला तर थांबा.

मोजताना तापमान विसरू नका. उकळीच्या जवळ असलेले २८ लिटर थंड झाल्यावर सुमारे ४ टक्के आकसतात, म्हणजे २६.९ उरतात. नमुना २० अंशांपर्यंत थंड करून ग्रॅव्हिटी १.०४६ आली, तर ४६ × २६.९ = १२३७ आणि १५४५ ने भागून ८० टक्के. गरम लिटर आणि थंड ग्रॅव्हिटी यांचा गुणाकार केला की एफिशियन्सी फुगून दिसते. हे आकडे ‘सेशन’ पानावर भरले की सॉफ्टवेअर दोन्ही एफिशियन्सी काढून देतं. हा भाग उत्तम जमला आहे. तीन-चार बॅचची सरासरी घ्या, एका बॅचवर उपकरणाचं प्रोफाइल (तुमच्या भांड्यांचे साठवलेले आकडे) बदलू नका.

आकडा खरोखरच कमी येत असेल, तर मॅश संपताना पहिला वर्ट मोजा. किलोला ३ लिटर पाणी असेल तर तो साधारण १.०८५ ते १.०९० असायला हवा. कमी असेल तर स्टार्चचं रूपांतरच अर्धवट आहे: भरड जाड आहे, पीएच ५.२ ते ५.६ च्या बाहेर आहे किंवा पिठाच्या गुठळ्या राहिल्या आहेत. पहिला वर्ट ठीक असूनही केटलमध्ये कमी भरत असेल, तर स्पार्ज तपासा.

एक उणीव खरोखर खटकते. ५ किलोसाठी ठरवलेला ७२ टक्के ८ किलोच्या बार्लीवाइनलाही (खूप कडक बिअर) जसाच्या तसा लागतो. दाणे वाढले की तेवढ्याच पाण्यात साखर धुऊन निघत नाही. अशा रेसिपीला आकडा हाताने ५ ते १० ने उतरवा. ब्रूफादर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॅश एफिशियन्सी हाच आधार धरता येतो, आणि ज्यांचा गाळ दर वेळी कमी-जास्त असतो त्यांना ते सोपं पडतं.

दुसऱ्याची रेसिपी घेताना नुसतं उपकरण बदललं तर दाणे तेवढेच राहून ओजी हलतो. ‘स्केल रेसिपी’ वापरा, म्हणजे ग्रॅव्हिटी टिकून दाण्यांचं वजन बदलेल. आणि उपकरणाच्या प्रोफाइलमध्ये एफिशियन्सी सुधारली तरी जुन्या रेसिपींना ती आपोआप लागत नाही, कारण प्रत्येक रेसिपीत प्रोफाइलची तेव्हाची प्रत साठवलेली असते. प्रत्येक जुन्या रेसिपीत ते प्रोफाइल पुन्हा निवडावं लागतं.