मेयॉलचे तीन गिटारवादक : काही महिने ऐकल्यानंतर

जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या लंडनच्या बँडच्या 1966 आणि 1967 सालच्या तीन रेकॉर्डी गेले काही महिने मी आलटूनपालटून ऐकत आहे. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन आणि मिक टेलर हे तिघे एकाच म्होरक्याच्या हाताखाली, एकापाठोपाठ, जवळपास एकाच धाटणीचे ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून घडलेले संगीत) वाजवताना येथे सापडतात. त्यामुळे त्यांच्यातील फरक येथे जितका स्वच्छ कळतो, तितका तो त्यांच्या पुढच्या, अधिक गाजलेल्या कामात कळत नाही.

पहिली रेकॉर्ड, म्हणजे मुखपृष्ठावर क्लॅप्टन ‘बीनो’ हे मुलांचे चित्रसाप्ताहिक वाचत बसलेला दिसतो ती, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने जुलै 1966 मध्ये काढली. कार्यक्रमात असतो तेवढाच आवाज स्टुडिओतही ठेवायचा, हा क्लॅप्टनचा आग्रह होता. गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शलचा अँप्लिफायर अशा चढ्या आवाजात वाजू लागले की अँप्लिफायरमधील व्हॉल्व्हवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांवर, ताण येतो, स्वर किंचित फाटतो, जाड होतो आणि लांबवर टिकतो. ‘हॅव यू हर्ड’ या गाण्यात याचा पुरता प्रत्यय येतो. अ‍ॅलन स्किडमोरच्या सॅक्सोफोनने सुरू झालेले हे संथ गाणे बरेच पुढे सरकल्यावर क्लॅप्टनची गिटार अंगावर येते. तार ओढून गाठलेला स्वर तो तेथेच जोरकस कंपाने धरून ठेवतो आणि तो विरण्याआधीच पुढची फेक येते. इतक्या वेळा ऐकूनही या जागेची धार बोथट झालेली नाही. उलट, ‘व्हॉट्ड आय से’ मधील ड्रमचे लांबलेले एकलवादन मला आता नकोसे होते, जरी त्यानंतर क्लॅप्टनने बीटल्सच्या ‘डे ट्रिपर’ची सुरावट हळूच डोकावू दिली असली तरी. मेयॉलचा उंच, ताणलेला आवाजही सर्वांना रुचेल असे नाही.

क्लॅप्टन ‘क्रीम’ या बँडमध्ये गेल्यावर आलेल्या ग्रीनची 1967 सालची ‘अ हार्ड रोड’ मला सुरुवातीला फिकी वाटली होती, आणि आज तीच सर्वाधिक वेळा लावली जाते. ग्रीन कमी वाजवतो. ‘द सुपरनॅचरल’ या वाद्यरचनेत तो एकच स्वर अँप्लिफायरच्या गुंजनावर इतका वेळ तोलून धरतो की तो कधी सुटेल याकडेच सारे लक्ष लागते. स्वरांमधल्या मोकळ्या जागेवर त्याचा जो विश्वास आहे, तो त्या वयाच्या वादकात मला क्वचितच आढळला आहे. त्याच वर्षी तो ‘फ्लीटवूड मॅक’ हा बँड स्थापन करण्यासाठी बाहेर पडला.

त्याच्या जागी आलेल्या टेलरचे वय ‘क्रुसेड’ ही तिसरी रेकॉर्ड ध्वनिमुद्रित होताना 18 होते. हात सफाईदार, सूर गोड. मात्र रेकॉर्ड घाईत उरकल्यासारखी भासते. तो 1969 मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेला.

तिन्ही घेणे शक्य नसल्यास पहिल्या दोन घ्याव्यात आणि पहिली शक्यतो मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेल्या) स्वरूपातच, कारण 1966 मध्ये ती तशीच निघाली होती आणि गिटारचा तो सगळा जोर त्यात एकवटून येतो. तिच्यातील ‘ऑल युअर लव्ह’ हे मूळ ओटिस रशचे आणि ‘हायडअवे’ हे फ्रेडी किंगचे. या दोन अमेरिकी कलावंतांची मूळ ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्यास क्लॅप्टनने काय उचलले आणि काय स्वतःचे घातले, हे कानांना नेमके कळते.