बिनानावाच्या पुड्या आणि तोंडातला लायकेन प्लेनस

दोन्ही गालांच्या आतल्या बाजूस जाळीसारख्या पांढऱ्या रेषा आणि त्यांच्या मधोमध सोलल्यासारखा लाल चट्टा, अशी माझ्या दुखण्याची सुरुवात सव्वा वर्षापूर्वी झाली. शेव घातल्याशिवाय पोहे न खाणाऱ्या इंदूरमध्ये मला साधी फोडणीही झोंबू लागली. येथील शासकीय दंत महाविद्यालयात गालाचा लहानसा तुकडा काढून तपासण्यात आला आणि ‘ओरल लायकेन प्लेनस’ असे निदान झाले. हा आजार संसर्गजन्य नसून शरीराच्याच प्रतिकारपेशी तोंडाच्या अस्तरावर हल्ला करतात, तो कायमचा बरा करणारे औषध नाही, पण दाह आटोक्यात ठेवता येतो, असे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. त्यांनी ट्रायमसिनोलोनचे ०.१ टक्के मलम लिहून दिले. जागा कोरडी करून जेवणानंतर व रात्री झोपताना ते पातळ लावायचे आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, एवढेच पथ्य होते. शंभरातील साधारण एखाद्या रुग्णात पुढे अशा चट्ट्याचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, असेही ते म्हणाले.

मलमात स्टेरॉइड आहे हे कळताच मी घाबरले. चार दिवस लावून ते बंद केले आणि रामबागेतील एका हळदीकुंकवात कानावर आलेल्या ‘वैद्यां’कडे गेले. ते मराठीच बोलणारे, घरची विचारपूस करणारे. परमुलखात पिढ्या गेलेल्या आपल्या लोकांना एवढ्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. “ताई, ही पोटातली उष्णता आहे. ते मलम हाडे पोकळ करते. मी मुळापासून काढतो, मग तपासणीला जायचेही कारण उरणार नाही,” असे त्यांनी सांगितले. तीन महिन्यांचे अठरा हजार रुपये रोख घेतले, पावती दिली नाही आणि हातात कोऱ्या कागदाच्या पुड्या ठेवल्या.

आठवड्याभरात आग थांबली. लोणचे खाऊन पाहिले, तेही सोसले, आणि मी स्वतःहून आणखी दोघींना तो पत्ता दिला, याची लाज मला पैशांपेक्षा अधिक वाटते. दुसऱ्या महिन्यात चेहरा गोल होऊ लागला, भूक अनावर झाली आणि कधी नव्हे ती रक्तातील साखर वाढलेली निघाली. यावर त्यांचे उत्तर होते, “अंगाला औषध लागते आहे.” पुड्या संपल्यावर पंधरा दिवसांत चट्टे पूर्वीपेक्षा मोठे होऊन परतले आणि जिना चढतानाही भोवळ येऊ लागली. फिजिशियननी सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, तपासले. ते फारच कमी होते. बाहेरून बराच काळ स्टेरॉइड पोटात गेले की ते बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे काम मंदावते, हे तेव्हा समजले. पुडीत काय होते ते मी कागदोपत्री सिद्ध करू शकत नाही, कारण एकही पुडी शिल्लक ठेवली नव्हती. पण चट्ट्यापुरते लावायचे मोजके स्टेरॉइड नाकारून मी तेच अंदाजाने गिळत होते, याविषयी माझ्या डॉक्टरांना शंका नाही.

आयुर्वेदाविषयी माझी तक्रार नाही. परवानाधारक औषधाच्या वेष्टनावर घटक, बॅच क्रमांक आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. माझ्या पुड्यांवर काहीच नव्हते आणि मी ते विचारलेही नाही.

आता क्लोबेटासोल या स्टेरॉइडचे ०.०५ टक्के मलम चालू आहे. मध्यंतरी त्यानेच तोंडात बुरशी वाढली, तेव्हा तिच्यावरचे औषध काही दिवस घ्यावे लागले. या मलमाने न भागल्यास टॅक्रोलिमस या प्रतिकारपेशींना आवरणाऱ्या, स्टेरॉइड नसलेल्या औषधाचा पर्याय आहे, असे सांगण्यात आले आहे. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे रसायन नसलेली टूथपेस्ट वापरू लागल्यापासून सकाळची झोंबणी बरीच कमी झाली.

ज्यांच्या घरी अशा पुड्या आजही चालू असतील त्यांनी हे वाचून त्या एकाएकी बंद करू नयेत, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या सोबत घेऊन आधी फिजिशियनकडे जावे आणि त्यांतील एक-दोन औषध निरीक्षकांकडे तक्रार करण्यासाठी राखून ठेवाव्यात.