यूपीआय लाइट : सुट्ट्या पैशांचा वेगळा खिसा

बँकेच्या यंत्रावर पासबुक भरून घ्यायला गेलो की पूर्वी एका महिन्याच्या नोंदींना तीन-चार पाने लागत, आणि त्या नोंदी असत १२ रुपये, २० रुपये, ३५ रुपये अशा. चहा, कोथिंबिरीची जुडी, इस्त्रीवाला. या गर्दीत वीजबिल किंवा विम्याचा हप्ता नेमका कोणत्या तारखेला गेला हे शोधायला चष्मा पुसून बसावे लागे. गेले वर्षभर मी असे किरकोळ खर्च यूपीआय लाइटमधून करतो आहे आणि माझ्या दृष्टीने या सोयीचा सर्वांत मोठा लाभ वेगात नाही, तर पुन्हा वाचता येऊ लागलेल्या पासबुकात आहे.

यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही सोय सप्टेंबर २०२२ मध्ये आणली. नेहमीच्या यूपीआय व्यवहारात प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीतून खात्याची रक्कम वजा करावी लागते. मग ती रक्कम दहा रुपये असो वा दहा हजार. लाइटमध्ये आपण खात्यातून एकदाच काही रक्कम वेगळी काढतो आणि त्यानंतरचे छोटे खर्च त्या शिल्लक रकमेतून, पिन न टाकता, वळते होतात. बँकेवरचा भार हलका होतो, व्यवहार अडकण्याचे प्रमाण घटते, आणि खात्याच्या उताऱ्यावर फक्त ‘भरलेल्या’ रकमेची एक ओळ उमटते. सुरुवातीला एका वेळी २०० रुपयेच देता येत आणि एकूण २,००० रुपये ठेवता येत. ऑगस्ट २०२३ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५०० झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये या मर्यादा अनुक्रमे १,००० आणि ५,००० करण्यात आल्या.

मंडईतल्या गर्दीत एका हातात पिशवी असताना पिन टाकावा न लागणे ही साधी वाटणारी सवलत प्रत्यक्षात फार मोलाची आहे, कारण मागे उभ्या असलेल्या चार माणसांच्या देखत सहा आकडे दाबण्याचा संकोच त्यामुळे संपतो. सुट्ट्या पैशांअभावी एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देई आणि उतरताना ती मागायची आठवण आपणच ठेवायची, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना नेमके १७ रुपये देता येण्याचे समाधान वेगळे सांगायला नको.

तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. पासबुक स्वच्छ झाले, पण घरखर्चाची वही लिहिणाऱ्याचे काम वाढले. कारण लाइटमध्ये भरलेले ५०० रुपये पुढे कुठे कुठे गेले हे बँकेच्या उताऱ्यात दिसत नाही, ते अ‍ॅपमध्येच पाहावे लागते. लाइटमध्ये ठेवलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. कोणी आपल्याला पैसे पाठवले तर ते लाइटमध्ये न येता खात्यातच जमा होतात, त्यामुळे मित्राने चहाचे पैसे परत केले तरी हा खिसा रिकामाच राहतो. शिवाय पिन नसल्यामुळे उघडा फोन ज्याच्या हाती पडेल त्याला ही शिल्लक खर्च करता येते. म्हणून अ‍ॅपला वेगळे कुलूप लावणे आवश्यकच आहे.

माझी स्वतःची चूक मात्र निराळी होती. फोन दुरुस्तीला देताना मी त्यातली सगळी माहिती पुसली, आणि लाइटची शिल्लक त्या फोनमधल्या त्या अ‍ॅपशी बांधलेली असते हे नंतर लक्षात आले. सहाशे-काही रुपये खात्यात परत येईपर्यंत बरेच दिवस गेले. बँकेने अ‍ॅपकडे बोट दाखवले, अ‍ॅपच्या मदतकक्षाने बँकेकडे. फोन बदलण्यापूर्वी शिल्लक खात्यात परत घ्यावी, ही सूचना लाइट सुरू करतानाच ठळक अक्षरांत द्यायला हवी होती. पूर्वी पैसे परत घेण्यासाठी लाइट बंदच करावे लागे. २०२५ पासून ते चालू ठेवूनही रक्कम परत घेण्याची सोय अ‍ॅपमध्ये येऊ लागली, ही सुधारणा उशिरा का होईना, योग्य आहे.

आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. लाइट म्हणजे इंटरनेटशिवाय चालणारे यूपीआय नव्हे. तळघरातल्या दुकानात रेंज गेली की लाइटही थांबते. त्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये लाइट एक्स ही स्वतंत्र सोय जाहीर झाली. परंतु तिला दोन्ही बाजूंना एनएफसी, म्हणजे जवळ आणताच एकमेकांशी जोडण्याचे तंत्र, असलेली उपकरणे लागतात, आणि माझ्या परिसरातल्या एकाही भाजीवाल्याकडे मी ती वापरात पाहिलेली नाही. तिथे आजही खिशातली दहाची नोटच कामाला येते.

शिल्लक संपत आली की आपोआप रक्कम भरण्याची सोयही आता आहे. मी ती बंद ठेवली आहे. दर सोमवारी स्वतः ५०० रुपये भरतो. शुक्रवारीच ते संपले, तर त्या आठवड्यात बाहेरचा चहा जास्त झाला हे वही न उघडताही कळते.