इंग्लंडमध्ये घर घेताना : सॉलिसिटर, कन्व्हेयन्सर की एजंटने सुचवलेली कंपनी?

ऑफर मान्य झाली की इस्टेट एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुमचा सॉलिसिटर कोण?’, म्हणजे व्यवहाराचं कायदेशीर काम कोण बघणार? उत्तर तयार नसेल तर एक नाव तोच पुढे करतो. घाईत होकार जातो आणि पुढचे तीन-चार महिने त्या होकाराशी संसार करावा लागतो. त्यामुळे घरं बघायला लागतानाच दोन-तीन कोटेशनं हाताशी असलेली बरी. (हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्समध्ये घरखरेदीवरचा कर वेगळा आहे. स्कॉटलंडची पद्धतच निराळी, तिथे ऑफरसुद्धा सॉलिसिटरच देतो.)

सॉलिसिटर आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर

सॉलिसिटर हा पूर्ण वकील असतो आणि त्याच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचं नियंत्रण असतं. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर मुख्यतः मालमत्तेच्या व्यवहारांचं काम करतो. त्याचं नियंत्रण कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सकडे असतं. विमा दोघांनाही सक्तीचा आहे आणि तक्रार दोघांचीही लीगल ओम्बड्समनकडे करता येते. साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायम मालकीच्या) घरासाठी दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. व्यवहाराच्या शेजारी दुसरा कायदेशीर प्रश्न असेल, म्हणजे घटस्फोट, मृत्युपत्रातून आलेलं घर किंवा शेजाऱ्याशी हद्दीचा वाद, तर सॉलिसिटरच गाठावा. कन्व्हेयन्सर तिथे थांबतो आणि दुसरा वकील शोधायला सांगतो.

खरा फरक पडतो तो तुमची फाइल कोण हाताळणार यावर. पाटी कुठली आहे याला त्यामानाने कमी महत्त्व.

गावातलं ऑफिस आणि ऑनलाइन कंपनी

मोठ्या ऑनलाइन कंपनीत काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एकजण फाइल उघडतो, दुसरा सर्च (म्हणजे मालमत्तेबद्दलची सरकारी दफ्तरांतली माहिती) मागवतो, तिसरा विकणाऱ्याच्या वकिलाला प्रश्न पाठवतो. रोज किती काम सरकलं ते पोर्टलवर दिसतं, पण ‘लीजमधल्या (भाडेपट्ट्यातल्या) या कलमाचा अर्थ काय?’ असं विचारलं तर उत्तराला आठवडा जातो. छोट्या ऑफिसात एकच माणूस शेवटपर्यंत असतो. मात्र तो सुट्टीवर गेला की फाइलही सुट्टीवर जाते. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा : माझी फाइल कोणाकडे असेल, आणि ती व्यक्ती नसेल तेव्हा कोणाकडे?

एजंट सुचवतो त्या कंपनीकडून त्याला बहुतेकदा रेफरल फी मिळते. यात बेकायदा काही नाही, फक्त ती तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. पण तो खर्च शेवटी तुमच्याच बिलातून निघतो, आणि एजंटला हवा असतो झटपट एक्स्चेंज, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल. ‘याच कंपनीकडे गेलात तरच ऑफर पुढे नेतो’ असा दबाव आला तर खुशाल नकार द्यावा.

मॉर्गेज (गृहकर्ज) असेल तर निवडलेली फर्म तुमच्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे मान्य फर्मच्या यादीत, आहे का, हे बँकेचं नाव सांगून आधीच विचारा. नसेल तर बँक स्वतःचा वेगळा वकील नेमते, त्याचा खर्च तुमच्या माथी येतो आणि वेळही वाढतो.

कोटेशन कसं वाचायचं

डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना या कामाचे दर वेबसाइटवर द्यावे लागतात. तरीही वर दिसणारा आकडा आणि शेवटचं बिल यांत बरंच अंतर असतं. समजा, मॉर्गेजवर लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचा) फ्लॅट घ्यायचा आहे आणि आईवडिलांकडून पैसे येणार आहेत. ‘फक्त ५९५ पौंड’ म्हणणाऱ्या कोटेशनच्या तळाशी हे सापडतं : लीजहोल्डचे जादा ३००, बँकेच्या कामाचे १२५, भेट रकमेच्या तपासणीचे ७५, स्टॅम्प ड्युटी रिटर्नचे १००, पैसे पाठवण्याचे ४५, ओळख तपासणीचे ३०. झाले १,२७०, आणि २० टक्के व्हॅट धरून १,५२४. दुसरा सरळ १,२०० सांगतो, वर फक्त पैसे पाठवण्याचे ३५. व्हॅटसह १,४८२. महाग दिसणारा स्वस्त निघाला. सर्च आणि लँड रजिस्ट्रीची (मालकीच्या नोंदणीची) फी दोन्हीकडे वेगळी.

‘नो सेल, नो फी’ची अटही नीट वाचा. व्यवहार फिसकटला तर फी माफ होते, पण मागवलेल्या सर्चचे पैसे परत येत नाहीत.

लीजहोल्ड फ्लॅट असेल तर

मुंबई-पुण्यात सोसायटीचा फ्लॅट घेतलेल्यांची इथे गफलत होते. लीजहोल्डमध्ये तुम्ही ठरावीक वर्षं विकत घेता. लीज ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवणं महागतं, आणि बँकाही कुरकुर करतात. ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं वार्षिक भाडं) कधी किती वाढणार, सर्व्हिस चार्जची (इमारतीच्या देखभालीच्या खर्चाची) थकबाकी आहे का, मोठी दुरुस्ती येऊ घातली आहे का, हे सगळं मॅनेजमेंट पॅकमध्ये असतं. हा पॅक विकणाऱ्याच्या बाजूने मागवला जातो, त्याला काही शे पौंड लागतात आणि तो यायला कित्येक आठवडे जातात.

इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली असेल तर २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टचे दाखले तपासावे लागतात. काही फर्म हे काम घेतच नाहीत आणि ते फाइल उघडून महिना झाल्यावर सांगतात. मजल्यांचा आकडा पहिल्याच फोनवर द्या.

भारतात घर किंवा पैसा असेल तर

इथे स्वस्त फर्म सर्वांत महाग पडू शकते. पहिलं घर घेणाऱ्याची करसवलत मिळायला जगात कुठेही कधीही घर मालकीचं नसावं लागतं, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांनाही ही अट लागू. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४,५०,००० पौंडांच्या घरावर पहिलं घर घेणाऱ्याला ७,५०० पौंड स्टॅम्प ड्युटी पडते, नेहमीच्या दराने १२,५००. पुण्यात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर फ्लॅट असेल तर दुसऱ्या घराचे ५ टक्के वाढून आकडा ३५,००० वर जातो. गावच्या वाड्यातला वारसाहक्काचा हिस्सा ४०,००० पौंडांखालचा असेल तर हे ५ टक्के लागत नाहीत, पण पहिल्या घराची सवलत जाते ती जातेच. अनेक फर्म करारपत्रातच ‘करसल्ला देत नाही’ असं लिहून मोकळ्या होतात. रिटर्नवर सही तुमची, त्यामुळे चूक झाल्यास दंडही तुम्हालाच.

पैशाचा माग लावणं हे दुसरं दुखणं. आईवडील भारतात राहत असतील तर माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू शकतात. पण सॉलिसिटरला हवी असते सगळी साखळी : ठेव मोडल्याची पावती, त्यांचं बँक स्टेटमेंट, पैसे पाठवल्याचा कागद, आणि परतफेड नको, घरात हिस्सा नको असं त्यांच्या सहीचं पत्र. भारतीय बँकांचे कागद नेहमी पाहणारी फर्म ही यादी पहिल्या दिवशी देते. न पाहणारी एक्स्चेंजच्या आठवड्यात मागते, आणि तेव्हा वडिलांना बँकेत चकरा माराव्या लागतात.

विकणाऱ्यांसाठी

विक्रीचं काम कमी, फीही कमी. इथे वेग महत्त्वाचा. गिऱ्हाईक मिळायच्या आधीच फर्म ठरवून मालमत्तेच्या माहितीचा टीए६ फॉर्म भरून ठेवा. खिडक्या बदलल्या, भिंत पाडली, माळ्यावर खोली काढली, त्या प्रत्येकाचा परवाना शोधून जोडा. टीए६ मध्ये शेजाऱ्याशी झालेलं भांडण लपवलं तर खरेदीदार नंतर भरपाई मागू शकतो.

खरेदी आणि विक्री एकाच दिवशी असेल तर दोन्ही कामं एकाच फर्मला द्यावीत. एक्स्चेंजला साधारण १० टक्के इसार जातो आणि मग माघार नाही. पैसे पाठवण्याआधी फर्मचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर तो खोटाच धरून चाला. पहिल्या भेटीत लिहून घेतलेल्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक एकेक आकडा वाचून घ्या.