म्हाताऱ्या कोंबड्यांसाठी घरी येणारी पशुवैद्यकीय सेवा : सातारा परिसरातील अभिप्राय

अंडी देणे थांबलेल्या कोंबडीला घेऊन दवाखान्यात गेले, की बहुतेक ठिकाणी आजही उपचाराआधी ‘कापून का टाकत नाही’ असे विचारले जाते. यात एकट्या डॉक्टरांना दोष देता येत नाही, कारण लेअर फार्मवरची, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की ती परवडेनाशी होते आणि विकली जाते, त्यामुळे सहा वर्षांच्या कोंबडीचे दुखणे कसे असते हे पाहण्याची वेळ व्यवसायात सहसा येतच नाही. परसातली कोंबडी मात्र पाच ते आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. अशा कोंबड्यांना घरी येऊन तपासणाऱ्या सातारा परिसरातील एका पशुवैद्य बाईंची सेवा आम्ही बराच काळ घेत आहोत आणि ज्यांच्या खुराड्यात म्हाताऱ्या कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

त्यांची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तपासणीची पद्धत. आल्याबरोबर त्या कोंबडीला हात लावत नाहीत. आधी अंगणात बसून ती कशी चालते, कशी उभी राहते, दाणे टिपते की नुसतीच चोच मारते हे पाहतात, कारण कोंबडी आपले आजारपण शेवटपर्यंत लपवते आणि पकडल्यावर घाबरून तिचा श्वास वाढतो. त्यानंतर तिला टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतात, छातीच्या मधल्या हाडावरून दोन बोटे फिरवून दोन्ही बाजूंचे मांस किती उतरले आहे ते आजमावतात, गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी रिकामी झाली आहे का ते चाचपतात आणि तळपायाला काळी खपली धरली आहे का ते पाहतात. आमच्या चंद्रीच्या पायांवरचे खवले उचलले गेले होते, ते वयामुळे असावे असे घरात सर्वांना वाटत होते; त्यांनी खवल्यांखाली सूक्ष्म किडे झाल्याचे सांगून औषध दिले आणि रोज पायांना खोबरेल तेल चोळायला सांगितले. बाकी तपासून त्या एवढेच म्हणाल्या, “काकू, ही आजारी कमी आणि थकलेली जास्त आहे. वजनाची वही मात्र ठेवा.”

खाण्याबद्दलचा त्यांचा सल्ला खाद्याच्या दुकानात कोणी देत नाही. लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, ते अंड्याच्या कवचासाठी लागते. अंडी बंद झालेल्या कोंबडीच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. म्हणून सर्वांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचे कमी कॅल्शियमचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे जिला गरज आहे ती तो आपणहून खाते. बसायची काठी फूटभर उंचीवर आणणे आणि खाली भाताच्या तुसाचा जाड थर देणे, हे दोन बदल केल्यावर चंद्रीचे लंगडणे दिसण्याइतके कमी झाले.

गोदीचे दुखणे निराळे होते. ती गिरिराज जातीची. तिचे पोट पाण्याने तटतटले होते आणि ती ताठ उभी राहून चोच उघडी ठेवून श्वास घेत असे. डॉक्टरांनी सुईने गवती पिवळ्या रंगाचे पाणी काढले, तेव्हा तिला लगेच आराम पडला. मात्र पाणी पुन्हा भरणार, हे त्यांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले. वयस्क कोंबड्यांना अंडाशयाचा कर्करोग आपोआप आणि इतक्या वारंवार होतो, की स्त्रियांमधील त्याच रोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबड्यांचाच आधार घेतात, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. वेदनेसाठी त्यांनी वजनाप्रमाणे मेलॉक्सिकॅम दिले. आमच्या घरात जनावरांसाठी ठेवलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांनी फेकायला लावले. ते दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांचा संहार झाला आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली.

निरोपाचा निर्णय त्यांनी आमच्यावर ढकलला नाही आणि आमच्यावर लादलाही नाही. गोदी आपणहून खाते का, खुराड्यातून बाहेर येते का, मातीत लोळते का, एवढे तीन प्रश्न रोज वहीत टिपायला सांगितले. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ येऊ लागले तेव्हा त्या घरी आल्या. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, डोळ्याला स्पर्श करूनही पापणी हलत नाही याची खात्री केली आणि मगच दुसरे दिले. सगळा वेळ गोदी माझ्या मांडीवर होती. तिची धडपड झाली नाही. त्यानंतर त्यांनी बजावून सांगितले, की हे औषध मृत शरीरात राहते आणि ते खाणारे कुत्रे किंवा पक्षी मरू शकतात, म्हणून ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता किमान तीन फूट खोल पुरावे आणि वर दगड रचावेत. मात्र एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला किंवा जनावरांच्या मदतीसाठीच्या १९६२ या फोन क्रमांकावर कळवावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, त्याची त्यांनी आठवण करून दिली.

उणिवाही आहेत. रविवारी त्या येत नाहीत आणि लांबच्या गावांसाठी प्रवासखर्च वेगळा पडतो, हे समजण्यासारखे आहे. मला खटकले ते हे, की आमच्या एका अंडी देणाऱ्या तलंगेला तळपायाच्या गळूसाठी प्रतिजैविक दिले, तेव्हा तिची अंडी किती दिवस खाऊ नयेत हे विचारल्याशिवाय सांगितले नाही. ही सूचना चिठ्ठीवर लिहूनच यायला हवी.

तरीही या कामासाठी दुसऱ्या कोणाला बोलवावे असे आम्हाला वाटलेले नाही. फोन करताना कोंबडीचे वय, अलीकडचे वजन आणि विष्ठेचा रंग सांगावा, म्हणजे त्या लागणारी औषधे सोबत घेऊनच निघतात.