आई न बघता घेतलेलं पिल्लू

गेल्या आठवड्यात नणंदेने मला एक व्हिडिओ पाठवला. लाल घोंगडीवर जर्मन शेफर्डची पाच पिल्लं, मागे निळी प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीच्या पायाशी बसलेली भरदार कुत्री. खाली लिहिलेलं : "वय ४५ दिवस, डबल कोट, पेपर तयार." तिने विचारलं होतं, "वहिनी, घेऊ का? तुम्हाला यातलं माहिती आहे ना?"

माझे हातपाय गार पडले. हाच व्हिडिओ मला मागच्या डिसेंबरात आला होता. तीच घोंगडी, तीच खुर्ची, तीच पाच पिल्लं. तेव्हाही ती ४५ दिवसांचीच होती. नणंदेला लगेच फोन करून थांबवलं. पण ज्यांना थांबवायला कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं घर नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारात, मळ्यात. आजूबाजूला द्राक्षबागा, सर्वांत जवळचं घर हाकेच्या पलीकडे. हे सातपूरला कारखान्यात, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. घरात मी, दोन मुलं आणि पंचाहत्तरीला टेकलेले आबा. ऑक्टोबरची छाटणी झाली आणि नेमकी त्याच दिवसांत एका रात्री विहिरीवरची केबल कापून नेली. तांब्यासाठी नेतात. सकाळी आबा मोटर चालू करायला गेले तर नुसती दोन टोकं लोंबत होती. छाटणीनंतर बागेला पाणी थांबवता येत नाही, त्यामुळे त्याच दिवशी उसनवारी करून नवी केबल टाकली. महिनाभरात पुन्हा कुणीतरी शेडच्या कुलपाशी खटपट करून गेलं. त्या रात्री मी एकटीच जागी होते. कुलपाचा आवाज ऐकू येत होता आणि दार उघडायची हिंमत होत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, कुत्रा पाहिजे.

आणि मग ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. माझा भाऊ म्हणाला रॉटवायलर घ्या, नुसता बघून माणूस पळतो. यांचे मित्र म्हणाले डॉबरमन. पण त्याचे केस अगदी आखूड, निफाडच्या थंडीची बातमी येते तेव्हा आमच्याकडेही बागेत शेकोट्या पेटतात, तिथे तो उघड्यावर कसा राहणार? लॅब्राडोर मुलांना हवा होता, पण तो चोरापुढेही शेपूट हलवायचा, असं सगळेच म्हणाले. शेवटी मत पडलं जर्मन शेफर्डवर. मूळची मेंढ्या राखणारी जात, १८९९ पासून जर्मनीत नीट जोपासलेली, हुशार, घरच्या माणसांना धरून राहणारी, आणि पोलिसांकडेही असते. निवड चुकीची होती असं मी आजही म्हणत नाही. चूक अशी की आम्ही महिनाभर जातीवर बोललो आणि पिल्लू कुणाकडून घ्यायचं यावर पाच मिनिटंही बोललो नाही.

फोनवर जाहिरात दिसली. समोरचा माणूस फार गोड. दर वाक्याला "ताई". मळ्यात घर आहे म्हटल्यावर म्हणाला, "ताई, तुम्हाला डबल कोटच पाहिजे, राखणीला तोच तिखट. सिंगल कोट मी १० हजारांत देतो, पण तुम्हाला नाही सुचवणार." डबल कोटचे १८ हजार सांगितले. पुढे डॉक्टरांनी समजावलं की जर्मन शेफर्डला दुहेरी केस असतातच, वर राठ आणि आत मऊ लोकर. बाजारात ज्याला डबल कोट म्हणतात तो फक्त लांब केसांचा कुत्रा. त्याचा तिखटपणाशी काडीचा संबंध नाही. आठ हजार रुपये आम्ही केसांच्या लांबीचे जास्त दिले.

मी म्हटलं, आम्ही तुमच्याकडे येऊन बघतो. तर तो म्हणाला, बाहेरून माणूस आला की रोग येतो, म्हणून फार्मवर कुणाला घेत नाही. हे मला पटलं. पटलं कारण ते अर्धं खरं आहे, लहान पिल्लांना बाहेरचा रोग लागतोच. पण म्हणून आई लांबूनही दाखवता येत नाही, असं कसं होईल? त्याने फोनवर चालू व्हिडिओत दाखवतो म्हटलं, मग नेटवर्क नाही म्हटलं, आणि शेवटी तो लाल घोंगडीचा व्हिडिओच पुन्हा पाठवला. "आज तीन गिऱ्हाइकं आहेत ताई, ३ हजार टाकून ठेवा, तुमचं पिल्लू बाजूला काढतो." मी टाकले.

हे लिहिताना मला फार लागतं. द्राक्षाचा व्यापारी आमच्या बांधावर येतो तेव्हा चार ओळी फिरतो, मणी तोडून चाखतो, मशीनवर ब्रिक्स, म्हणजे गोडी बघतो, आणि मग भाव बोलतो. आणि रोख हातात पडल्याशिवाय आबा गाडी भरू देत नाहीत, कारण उधारीवर माल नेऊन गायब झालेले व्यापारी या भागाने पाहिले आहेत. इतकं सगळं माहीत असलेल्या घरातून एका न बघितलेल्या माणसाला पैसे गेले. भीतीपोटी गेले. कुलपाशी खटपट झाल्यापासून मला रात्रीची झोप नव्हती, आणि ते त्या माणसाने माझ्या बोलण्यातून ओळखलं होतं.

पिल्लू द्वारकाला उड्डाणपुलाखाली मिळालं. संध्याकाळी सातची वेळ, गाड्यांची रेटारेटी. एक पोरगा गाडी चालू ठेवूनच उतरला, पुठ्ठ्याचं खोकं दिलं, उरलेले १५ हजार स्कॅन करून घेतले. मी विचारलं, पेपर? म्हणाला, केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे जातीचे कागद १५ दिवसांत कुरिअरने येतील, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. हातात लसीचं पुस्तक दिलं, त्यावर दोन स्टिकर चिकटवलेले. मी खोक्यात हात घातला तर पिल्लू थरथरत होतं आणि पोट तेवढं फुगलेलं. मला वाटलं प्रवासाने घाबरलंय.

मुलांनी त्याचं नाव शेरू ठेवलं. पहिल्या रात्री तो आईसाठी रडत राहिला, धाकटीने त्याला आपल्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी दूधपोळी जेमतेम चाटली. दुसऱ्या रात्री उलटी, पांढरा फेस. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर तो पाण्याच्या वाटीपाशी उभा होता. मान वाटीवर, नाक पाण्याला टेकलेलं, आणि पीत नव्हता. कितीतरी वेळ तसाच. तहान लागलेली दिसत होती, पण घोट घेता येत नव्हता. मागे फरशीवर रक्ताचे पातळ जुलाब, आणि असा आंबूस कुजका वास की तो एकदा नाकात बसला की जात नाही. तुमच्या पिल्लाला असं झालं तर घरगुती काहीही करत बसू नका, तासाभरात दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी शौचाचा नमुना किटवर टाकला आणि दोन रेघा आल्या. पार्व्हो. पिल्लांच्या आतड्यांना धरणारा हा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, आणि शेरू आमच्याकडे येऊन दोनच रात्री झाल्या होत्या. म्हणजे खोक्यात बसण्याआधीच रोग त्याच्या पोटात होता.

मग त्यांनी तोंड उघडून दात बघितले. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात पूर्ण दिसायला हवेत. शेरूच्या पुढच्या दातांची नुकती टोकं आलेली, मागच्या दाढा हिरडीतच. "हे ४५ दिवसांचं नाही वहिनी, महिन्याचं असेल नसेल." लसीचं पुस्तक उघडून त्यांनी दुसरा स्टिकर मला दाखवला. तो रेबीजच्या लसीचा होता. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास देतात. दीड महिन्याच्या म्हणून विकलेल्या पिल्लाच्या पुस्तकात ती आलीच कशी? दोन्ही स्टिकरपुढे ना डॉक्टरची सही, ना शिक्का, ना नोंदणी क्रमांक. केसीआयच्या फोटोवर १५ आकडी चिपचा क्रमांक होता, ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा. डॉक्टरांनी चिप वाचायचं यंत्र मानेवरून, खांद्यांवरून, पाठीवरून दोनदा फिरवलं. काही वाजलं नाही. चिप नव्हतीच, कागद दुसऱ्याच कुठल्या तरी कुत्र्याचा.

चार दिवस सलाईन लावलं. मी रोज सकाळी मुलांचे डबे करून दवाखान्यात जाऊन बसायचे. त्याच्या पुढच्या पायाला सुई, वर चिकटपट्टी, आणि तो पंजा माझ्या बोटावर. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. आबांनी स्वतः खड्डा खणला, बोअरच्या पलीकडे. उपचाराचे ९ हजार गेले. धाकटी तो स्वेटर धुवायलाही देत नव्हती, पण डॉक्टरांनी सांगितल्यामुळे मला तो जाळावा लागला, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, "तुम्ही दूध पाजलं असेल." मग म्हणाला डॉक्टर चुकला. शेवटी म्हणाला, "दुसरं पिल्लू देतो ताई, फक्त गाडीभाडं आणि नव्या लसीचे मिळून ४ हजार टाका." हा त्याचा दुसरा फास होता. रडणारी मुलं घरात असताना माणूस तेही टाकतो. मी नाही म्हटल्यावर नंबर बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचे क्रमांक आणि सगळे संदेश दिले. पण मी तक्रार केली ती आठ दिवसांनी. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवायचे, तर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर आधी १९३० आणि मग विकणाऱ्याशी भांडण.

मला नंतर कळलेली गोष्ट अशी की कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे "४५ दिवस" हे जाहिरातीतच लिहिलेलं, तेच नियमाच्या बाहेर. आम्ही ते वाचलं आणि आम्हाला खटकलं नाही, कारण बाजारात सगळेच ४५ दिवस म्हणतात.

आणि राखणीसाठी तर हे आठ आठवडे फार मोलाचे. पिल्लू आईच्या आणि भावंडांच्या संगतीत असतं तेव्हाच त्याला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे घाबरट निघू शकतं नाहीतर कुणालाही डसू शकतं. दारात भुंकून उभा राहणारा कुत्रा वेगळा आणि पाहुण्याच्या पोटरीला लागणारा वेगळा. तुम्हाला पहिला हवा असेल तर त्याची आई बघा. अनोळखी माणूस गोठ्याशी आला की ती काय करते, मालकाने "गप" म्हटल्यावर थांबते का, तुम्ही बसल्यावर दहा मिनिटांत शांत होते का. घरी दाखवायला तयार नसलेल्याकडून, हायवेच्या कडेला, बसच्या डिकीतून, खोक्यातून पिल्लू घेऊच नका, मग ते फुकट का देईनात. पैसे देण्याआधी पिल्लू आपल्या डॉक्टरकडे न्या. जो खरा असतो तो याला नाही म्हणत नाही.

डॉक्टरांनी आम्हाला लगेच दुसरं पिल्लू आणू दिलं नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आणि ओटा ब्लीचने धुतला, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, १० मिनिटं तसंच ठेवून. पण अंगणातली माती कशी धुणार? साबणाने, फिनाइलने तो मरत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पावसाळा सरल्यावर आम्ही पलीकडच्या मळ्यातल्या गावठी कुत्रीचं पिल्लू घेतलं. त्या कुत्रीला मी दोन वर्षं बघत आले आहे. रात्री बागेत कुणी शिरलं की तिचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो, आणि शाळेतून येणारी पोरं तिच्या अंगावरून उड्या मारतात. पिल्लू तिच्याजवळच ठेवलं. चिकातून, म्हणजे आईच्या पहिल्या दुधातून आलेली रोगाशी लढायची ताकद असते तोवर लस नीट लागू पडत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा, १६ आठवड्यांपर्यंत डोस द्यावे लागतात. ते सगळे आमच्या खर्चाने, आमच्याच डॉक्टरकडून दिले. शेवटच्या डोसनंतर पंधरा दिवसांनी घरी आणलं. जर्मन शेफर्डच्या तुलनेत ते लहानखुरंच राहणार. आबांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं म्हणणं, चोर अंगावर धावून येण्याला घाबरत नाही, घरातला दिवा लागण्याला घाबरतो, आणि दिवा लावायला भुंकणं पुरतं.

रात्री मात्र त्याला बाहेर बांधत नाही. आमच्या भागात बिबट्या फिरतो, आणि साखळीला बांधलेला कुत्रा त्याला आयता सापडतो. रात्री तो पडवीतल्या जाळीच्या आत झोपतो, गळ्यात काटेरी पट्टा असतो. परवा रात्री दोन वाजता तो भुंकला. हे रात्रपाळीला होते. मी उठून बाहेरचा दिवा लावला, आबा काठी घेऊन पडवीत आले. शेडच्या बाजूने कुणीतरी पळाल्याचा आवाज आला, आणि मग मोटारसायकल चालू झाल्याचा. सकाळी केबल जागेवर होती.